डिफिकल्ट एअरवे: रिलॅक्संट देण्याआधी काय ठरवायचं आणि नंतर कुठं थांबायचं

कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या शेजारी उभ्या असणाऱ्या सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन यांच्यासाठी, श्वासाची वाट मिळवणं अवघड अशा (डिफिकल्ट एअरवे) पेशंटबद्दल हे लिहितोय. साधं इंट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब घालणं) तुम्हाला येतं असं धरलं आहे. फक्त मोठ्या माणसांचा विचार केला आहे, कारण लहान मुलांचं गणित वेगळं असतं.

गडबड होते ती हाताच्या कौशल्यात कमी आणि क्रमात जास्त. पेशंट आत येतो, सॅच्युरेशन पडलेलं असतं, मागून कोणीतरी ‘ट्यूब टाका, ट्यूब टाका’ म्हणतं, स्कोलीन (झटपट काम करणारं रिलॅक्संट) जातं आणि मग कळतं की तोंड उघडत नाही, सक्शनची बाटली भरलेली आहे आणि बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) ओटीच्या कपाटात कुलपात आहे. रिलॅक्संट म्हणजे स्नायू लुळे करणारं औषध; ते दिल्यावर पेशंटचा स्वतःचा श्वास बंद होतो आणि तो चालू ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची होते. म्हणून खाली बरीच जागा औषधाच्या आधीच्या कामांना दिली आहे.

टप्पा १: हा पेशंट अवघड आहे का?

एक मिनिट पुरतं. ते मिनिट वाचवायला जाऊ नका.

तीन-तीन-दोनचा नियम सगळ्यांनी शिकलेला असतो: तोंडात पेशंटचीच तीन बोटं मावावीत, हनुवटीपासून हायॉइडपर्यंत (गळ्याच्या वरच्या बाजूचं हाड) तीन बोटं, हायॉइडपासून थायरॉइडच्या खाचेपर्यंत दोन. प्रत्यक्षात कोणी बोटं लावून बघत नाही. तुम्ही बघा. शुद्ध हरपलेला पेशंट असेल तर खालचा जबडा स्वतः ओढून किती उघडतो ते पाहा.

आपल्या भागात या एका तपासणीवर सगळं अवलंबून असतं आणि त्याचं कारण मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी सुटलेली नाही. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाच्या आतलं अस्तर कडक दोरीसारखं होतं, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हे तोंड दुखण्यामुळं किंवा स्नायू आवळल्यामुळं बंद नसतं, आतली ऊतीच आखडलेली असते. त्यामुळं रिलॅक्संट दिल्यावरही ते उघडत नाही. ‘स्कोलीन गेलं की जबडा सुटेल’ हा हिशेब इथं चालत नाही. जेवढं तोंड औषधाआधी उघडतंय तेवढंच नंतर उघडणार.

पेशंट बोलू शकत नसेल तर घरच्यांना विचारा. ‘मावा खातात का’ म्हटलं की अर्धे लोक नाही म्हणतात. त्यापेक्षा जेवणाबद्दल विचारावं: तिखट सोसतं का, भाकरी कशी खातात? ‘न्हाई ओ, तांबडा रस्सा बंदच केलाय त्यास्नी, तोंड भाजतंय म्हणत्यात. भाकरी बी चुरून द्यावी लागत्या.’ कोल्हापूरच्या माणसानं रस्सा सोडला असेल तर टॉर्चचा उजेड तोंडात टाकाच. गाल आतून पांढरट दिसेल आणि बोटाला पट्टे लागतील.

बाकीच्या गोष्टी भराभर पाहा. दाढी, पडलेले दात आणि जाड देह असेल तर मास्क नीट बसत नाही. मान आखूड आणि जाड असेल तर तोंडातून ट्यूब जायलाही त्रास आणि गळ्यातून वाट शोधायलाही. तालमीतल्या पैलवानाचे मुरलेले कान दिसले की त्याची मानही हाताने चाचपून बघा, क्रिकोथायरॉइडची खाच (स्वरयंत्राच्या खालच्या बाजूची, गळ्यातून वाट करायची जागा) सहज लागत नाही. दाढेच्या पुळीतून जिभेखाली आणि गळ्याला सूज आलेला पेशंट, भाजलेला आणि आवाज बसलेला पेशंट, मधमाशांनी फोडून काढलेला पेशंट, या तिघांत वेळ तुमच्या विरुद्ध असते. दर अर्ध्या तासाला वाट अरुंद होत जाते. मधमाशीच्या पेशंटला मात्र ट्यूबच्या आधी मांडीत अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम द्या. पुष्कळदा तेवढ्यानं ट्यूबची गरजच उरत नाही.

> इथं थांबून विचारा: ट्यूब आत्ता, इथं, मीच टाकायला हवी का? मास्कवर सॅच्युरेशन टिकतंय, पेशंट स्वतः श्वास घेतोय आणि भूलतज्ज्ञ वीस मिनिटांत पोहोचू शकतात, तर फोन आधी करा. तोंड दीड बोट उघडणाऱ्या पेशंटला तालुक्याच्या ठिकाणी रिलॅक्संट देण्यात शहाणपणा नाही.

टप्पा २: सामान ट्रेवर, कपाटात नाही

ट्रॉलीत आहे म्हणजे हाताशी आहे असं नाही. या गोष्टी पेशंटच्या डोक्याशी, नजरेसमोर असायला हव्यात:

- सक्शन दोन. चालू करून उशीखाली खोचलेली. रक्त किंवा उलटी असेल तर बारीक कॅथेटर कामाचा नाही, जाड कडक टोकाचं सक्शन लागतं.
- अँब्यु बॅग, दोन मापांचे मास्क, गुडेल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी). असेल तर पीप व्हॉल्व्ह (श्वास सोडतानाही फुप्फुसात थोडा दाब टिकवणारा).
- लॅरिंगोस्कोप (जीभ उचलून स्वरयंत्र दाखवणारं उपकरण), ३ आणि ४ नंबरची ब्लेडं, बल्ब पेटवून पाहिलेला. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर पहिल्या प्रयत्नालाच तो वापरा. ‘आधी साध्यानं बघतो’ म्हणत पहिला, सगळ्यात चांगला प्रयत्न वाया घालवू नका.
- बूजी.
- ट्यूब तीन: हवी ती, त्याहून अर्ध्या नंबरनं लहान, आणि ६ नंबर. कफ फुगवून तपासलेले.
- आय-जेल (घशात स्वरयंत्रावर बसणारा, ट्यूबऐवजी वापरायचा एअरवे). आपल्याकडे मोठ्या माणसांना बहुतेक वेळा ३ किंवा ४ लागते. ३ नंबर ३० ते ६० किलोसाठी, ४ नंबर ५० ते ९० किलोसाठी.
- १० नंबरचं सर्जिकल ब्लेड, त्याला बसणाऱ्या ३ नंबरच्या हँडलवर चढवलेलं. कॅज्युअल्टीत पुष्कळदा ४ नंबरचं हँडल आणि १० नंबरचं ब्लेड एकत्र ठेवलेलं सापडतं, ते एकमेकांना बसत नाही. आजच्या ड्यूटीत जाऊन बघा.
- कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट दाखवणारं यंत्र), चालू करून, लाइन जोडून.

ऑक्सिजनचा हिशेब वेगळा सांगतो, कारण तो कोणी करत नाही. छोटा बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर देतो. मास्कला १५ आणि नाकाच्या कॅन्युलाला १५, असे मिनिटाला ३० लिटर लागले तर भरलेला सिलिंडर ५० मिनिटं आणि अर्धा भरलेला २५ मिनिटं चालेल. शिवाय मास्क आणि कॅन्युलाला दोन वेगळे फ्लोमीटर लागतात. भिंतीवर एकच पॉइंट असेल तर सिलिंडर बाजूला आणून ठेवा.

टप्पा ३: ऑक्सिजन भरून घ्या

पेशंटला सपाट झोपवून प्रीऑक्सिजनेट करणं ही रोज दिसणारी चूक आहे. डोक्याकडची बाजू २० ते ३० अंश वर करा. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत येईपर्यंत डोक्याखाली चादरी घाला. जाड माणसाला खांद्याखालीही घालाव्या लागतात. मानेला मार असेल तर मान हलवायची नाही, सगळा पलंगच डोक्याकडून उचलायचा.

घट्ट बसणाऱ्या मास्कनं तीन मिनिटं. नाकात कॅन्युला आधीपासून लावा आणि लॅरिंगोस्कोपी चालू असताना ती १५ लिटरवर तशीच राहू द्या. ती काढून ठेवू नका.

पेशंट मास्क झटकतोय, पलंगावरून उठतोय, चार जणांना आवरत नाही, अशा वेळी घाईनं रिलॅक्संट देऊन गप्प करायचा मोह होतो. त्याऐवजी केटामीन (भुलीचं औषध) किलोला १ मिलिग्रॅम, सावकाश. तो शांत होतो, श्वास बहुतेक वेळा चालू राहतो, आणि मग मास्क लावून तीन मिनिटं मिळतात. या काळात डोक्याशी उभं राहायचं, फोन घ्यायला जायचं नाही.

> तपासा: पूर्ण प्रयत्नानंतरही सॅच्युरेशन ९३ च्या वर जात नसेल तर प्रयत्नाला वेळच मिळणार नाही, कारण तिथून खाली उतार फार तीव्र आहे. अँब्युला पीप व्हॉल्व्ह लावा किंवा नॉन-इन्व्हेसिव्ह व्हेंटिलेशनवर (मास्कमधून दाबानं हवा) ठेवून चढवा. बोटावरचा आकडा मागून येतो हेही लक्षात ठेवा: स्क्रीनवर ९० दिसतं तेव्हा पेशंट त्याच्याही खाली गेलेला असू शकतो.

टप्पा ४: बीपी आधी, ट्यूब नंतर

तोंड छान उघडतंय, मान मोकळी आहे, ट्यूब दहा सेकंदांत जाते आणि पेशंट अरेस्टमध्ये जातो. हाही डिफिकल्ट एअरवेच, फक्त अडचण गळ्यात नसून रक्ताभिसरणात आहे. सिस्टोलिक १०० च्या खाली असेल तर दोन जाड लाइन, सलाइन किंवा रक्त, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन इंट्युबेशनच्या आधी चालू.

हाताशी एक सिरिंज तयार ठेवा: अ‍ॅड्रेनालिनचं १ मिलिग्रॅमचं अँप्युल १०० मिली सलाइनच्या बाटलीत घाला, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम होतं. त्यातलं १० मिली सिरिंजमध्ये. बीपी पडला तर १ ते २ मिली. बाटलीवर आणि सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय हातातून सोडू नका. लेबल नसलेली ती बाटली साधं सलाइन म्हणून कोणी जोडली तर काय होईल ते सांगायला नको.

टप्पा ५: आराखडा मोठ्यानं बोला

मनात ठरवलेला आराखडा सिस्टरला ऐकू जात नाही. औषधाआधी पंधरा सेकंद, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

‘पहिला प्रयत्न व्हिडिओनं, बूजीवर. सॅच्युरेशन ९३ झालं की सिस्टर, तुम्ही मोठ्यानं सांगा, मी बाहेर येणार. मग दोघांनी मास्क. दुसऱ्या वेळी ब्लेड बदलणार. नाही गेली तर आय-जेल. तेही नाही झालं आणि मास्कवरही हवा जात नसेल तर गळ्यातून. ब्लेड इथं आहे. गळ्यावर खूण केली आहे.’

खूण खरोखरच करा, स्केचपेननं, मान सरळ असताना. नंतर सूज, रक्त आणि थरथरणारे हात यांत ती खाच सापडत नाही. आकडा मोठ्यानं सांगायचं काम एकाच ठरलेल्या माणसाचं असावं. ट्यूब टाकणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही, दोन मिनिटं झाली तरी त्याला वीस सेकंदच वाटतात.

टप्पा ६: कोणाला काय द्यायचं

केटामीन किलोला १ ते २ मिलिग्रॅम, शॉकमध्ये निम्मं. एटोमिडेट असेल तर किलोला ०.३ मिलिग्रॅम. शॉकमध्ये भुलीचा डोस कमी करायचा, पण रिलॅक्संटचा पूर्णच द्यायचा, कारण अर्धवट रिलॅक्स झालेला पेशंट सगळ्यात वाईट. स्कोलीन किलोला १.५, रोक्युरोनियम (दुसरं रिलॅक्संट) १.२ मिलिग्रॅम. रोक्युरोनियमचा ०.६ चा ओटीतला डोस कॅज्युअल्टीत वापरला तर वाट बघत बसावं लागतं आणि तेवढ्यात सॅच्युरेशन घसरतं.

औषध पिऊन आलेला पेशंट (आपल्याकडे ‘औषध पिलं’ म्हणजे शेतातलं कीटकनाशक) ऑर्गनोफॉस्फरसचा असेल तर स्कोलीन नको. ते मोडणारं एन्झाइमच त्या विषानं बंद पाडलेलं असतं, त्यामुळं परिणाम तासन् तास टिकतो. रोक्युरोनियम घ्या. अ‍ॅट्रोपिन ट्यूबसाठी थांबवू नका आणि ट्यूब अ‍ॅट्रोपिनसाठी थांबवू नका, दोन्ही बरोबर चालतात. अशा पेशंटच्या तोंडात फेस पुन्हा पुन्हा भरतो, म्हणून दोन सक्शनचा आग्रह.

जुनं भाजलेलं, पक्षाघाताला काही दिवस झालेले, किडनी बंद पडून पोटॅशियम चढलेलं, इथंही स्कोलीन टाळा.

मण्यार किंवा नाग चावलेल्या पेशंटचं उलटं असतं. पापण्या पडल्यात, आवाज नाकातून येतोय, लाळ गिळता येत नाही, उशीवरून मान उचलत नाही: सॅच्युरेशन ९८ असलं तरी ट्यूबची वेळ झाली आहे. रिलॅक्संट पुष्कळदा लागतही नाही. पण भूल द्या. बाहुल्या विस्फारलेल्या आणि हातपाय निपचित असले तरी आतून माणूस पूर्ण जागा असू शकतो आणि पलंगाशेजारी चाललेलं सगळं बोलणं ऐकत असतो.

तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल तर या टप्प्यातलं काहीच लागू नाही. तिथं जागेपणी नाकातून, फ्लेक्झिबल स्कोपवर, लिग्नोकेनचा फवारा मारून आणि पेशंटचा श्वास चालू ठेवून. हे येणारा माणूस आणि स्कोप दोन्ही नसतील तर ऑक्सिजनवर ठेवून हलवा, नाहीतर सर्जनला बोलावून जागेपणीच गळ्यातून वाट करा. कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर वाटत असेल तर नाकाची वाट बंद.

टप्पा ७: प्रयत्न

अपघातातल्या पेशंटच्या गळ्याला बांधलेली कॉलर तशीच ठेवून लॅरिंगोस्कोपी करू नका, ती जबडाच उघडू देत नाही. पुढचा भाग सोडा आणि एका माणसानं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं. रक्तानं भरलेल्या तोंडात आधी सक्शन, त्याच्यामागून ब्लेड, आणि मग सक्शनचं टोक डाव्या कोपऱ्यात चालू ठेवूनच द्या.

कवळी मास्क धरताना तोंडात राहू द्या, गाल भरलेले राहतात. ब्लेड घालायच्या वेळी काढा.

दिसत नाही? बाहेरून स्वतःच्या उजव्या हातानं स्वरयंत्र हलवून दृश्य आणा, मग तोच दाब मदतनिसाला धरायला द्या. फक्त एपिग्लॉटिसची (स्वरयंत्रावरच्या झाकणाची) कड दिसत असेल तर तिच्याखालून बूजी वर वळवून सरकवा. श्वासनलिकेच्या कड्यांवरून खडखड जाणवते, आणि साधारण ३० ते ४० सेंटिमीटरच्या आसपास बूजी अडते. अन्ननलिकेत ती अडत नाही, सरळ जात राहते.

बूजी गेली की लॅरिंगोस्कोप बाहेर काढायची घाई सर्रास होते. काढू नका. ब्लेडनं जीभ उचललेली असतानाच ट्यूब बूजीवरून सरकवा. अडली तर जोर लावायचा नाही: दोन सेंटिमीटर मागे, डावीकडे पाव वळसा, आणि पुन्हा पुढे.

> सावध: तोच प्रयत्न तसाच पुन्हा करणं म्हणजे सूज आणि रक्तस्राव वाढवणं. ब्लेड, पोझिशन, बूजी किंवा माणूस, काहीतरी बदललंच पाहिजे. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना जास्तीत जास्त तीन प्रयत्न सांगतात. कॅज्युअल्टीत मी दोनच धरतो, आणि तिसरा फक्त तुमच्यापेक्षा सराईत हात आला तर.

टप्पा ८: नाही गेली

‘ट्यूब गेली नाही’ असं मोठ्यानं म्हणा. हे तीन शब्द फार कमी वेळा उच्चारले जातात. ते बोलले की खोलीतला प्रत्येकजण पुढच्या कामाला लागतो.

मास्क दोघांनी धरायचा: एकजण दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढून मास्क दाबतो, दुसरा बॅग दाबतो. गुडेल आत. एका हातानं मास्क आणि दुसऱ्या हातानं बॅग ही पद्धत अवघड चेहऱ्यावर टिकत नाही. छाती उठली तर श्वास घ्यायला वेळ मिळाला. नाही उठली तर आय-जेल, जास्तीत जास्त दोन प्रयत्न. आय-जेल बसली आणि सॅच्युरेशन चढलं तर आता थांबा. तिच्यातून ट्यूब घालण्याची हौस तिथं भागवू नका. ती नीट धरून मोठ्या ठिकाणी हलवता येतं.

टप्पा ९: गळ्यातून

ट्यूब नाही, आय-जेल नाही, आणि पूर्ण रिलॅक्स झालेल्या पेशंटलाही मास्कवर हवा जात नाही. आता आकडा ७० होईपर्यंत वाट बघायची नाही. उशीर होतो तो कापता येत नाही म्हणून क्वचितच. ‘अजून एकदा बघतो’ म्हणून होतो.

१. मान मागे वळवा (मानेला मार असेल तर सरळ धरा). डाव्या हाताच्या अंगठा आणि मधल्या बोटात स्वरयंत्र पकडा, तर्जनीनं खाच शोधा.
२. खाच लागली तर पडद्यातून आडवा छेद, ब्लेडची धार तुमच्याकडे.
३. ब्लेड बाहेर न काढता पाव वळसा द्या, धार पायांकडे.
४. ब्लेडच्या कडेनं बूजी श्वासनलिकेत, पायांच्या दिशेनं. मग ब्लेड काढा.
५. जेली लावलेली ६ नंबरची ट्यूब बूजीवरून. कफ आत दिसेनासा झाला की पुरे. जास्त ढकलली तर उजव्या फुप्फुसात जाते.
६. कफ फुगवा, बूजी काढा, कॅप्नोग्राफ जोडा.

मान जाड असेल आणि खाच लागत नसेल तर आधी मध्यरेषेत आठ-दहा सेंटिमीटर उभा छेद घ्या, बोटांनी ऊती बाजूला करा, आतून स्वरयंत्र हाताला लागेल. तिथून क्रमांक २. रक्त येईलच. दिसण्यावर नाही, बोटावर काम करायचं आहे.

शेळीचं स्वरयंत्र मटणाच्या दुकानात सांगून ठेवलं तर मिळतं. त्यावर ब्लेड, बूजी आणि ६ नंबरची ट्यूब घेऊन सगळ्या ड्यूटी स्टाफनं आळीपाळीनं हात बसवून घ्यावा.

टप्पा १०: आत आहे याची खात्री, आणि पुढचा रस्ता

ट्यूबमध्ये वाफ दिसते, छातीत आवाज येतो, पोट फुगत नाही: या तिन्हींवर विसंबून अन्ननलिकेतली ट्यूब तशीच राहिल्याचे प्रकार होतात. कॅप्नोग्राफची लाट सलग, श्वासामागून श्वास दिसलीच पाहिजे. लाट नाही म्हणजे ट्यूब बाहेर, असंच धरून काढा. ‘अरेस्ट आहे म्हणून लाट नसेल’ हे कारण चालत नाही. छाती नीट दाबली जात असेल तर अरेस्टमध्येही छोटी का होईना लाट येते.

ट्यूब पुरुषांत ओठाच्या कोपऱ्याशी साधारण २२-२३, स्त्रियांत २०-२१ सेंटिमीटरवर बांधा. लगेच भूल चालू करा: केटामीन दहा-वीस मिनिटांत उतरतं, रोक्युरोनियम तासभर टिकतं. मधल्या वेळेत पेशंट जागा आणि लुळा असतो. नाडी आणि बीपी अचानक चढले तर ‘आता बरं वाटतंय’ असा अर्थ काढू नका.

गगनबावड्याहून कोल्हापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, चंदगडहून त्याच्या दुप्पट. १०८ मध्ये चढवताना आणि उतरवताना ट्यूब सर्वांत जास्त निसटते, म्हणून प्रत्येक हलवाहलवीनंतर लाट पुन्हा बघा. अचानक सॅच्युरेशन पडलं तर क्रम हाच: ट्यूब निसटली का, ट्यूब चोंदली का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) आहे का, मशीन किंवा सिलिंडर संपला का. तोवर व्हेंटिलेटर काढून अँब्यु हातात घ्या. आय-जेल, मास्क आणि ब्लेड गाडीत बरोबर द्या.

सीपीआरला (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा दुसरीकडे पाठवताना चिठ्ठीवर ‘इंट्युबेट केले’ एवढंच लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. असं लिहा: ‘मावा, तोंड दोन बोटं. मास्कवर हवा दोघांनी धरून जाते. साध्या ब्लेडनं फक्त एपिग्लॉटिसची कड, व्हिडिओ व बूजीनं दुसऱ्या प्रयत्नात. ट्यूब ७, २२ वर. रोक्युरोनियम ४ वाजून १० मिनिटांनी. ट्यूब काढताना भूलतज्ज्ञ हजर असावेत.’ एक प्रत पेशंटच्या फाइलला लावा, दुसरी घरच्यांच्या हातात द्या आणि सांगा, पुढं कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला हा कागद आधी दाखवायचा.